आधी चव बघ, मग नाय म्हण

"आधी चव बघ, मग नाय म्हण." हे म्हणेपर्यंत दादांचा उजवा तळहात आपल्या नाकासमोर आलेला असायचा. त्यावर पापडाचा तुकडा असायचा, सुक्या माशाचं शेपूट असायचं, नाहीतर नाव माहीत नसलेलं काहीतरी हिरवंगार. अशी माणसं तुमच्याही ओळखीत असतील. त्यांना नाही म्हणता येत नाही आणि हो म्हणायचा वैताग येतो.

या माणसाबद्दलची एक गोष्ट मी आजवर कुणाला सांगितलेली नाही. बायकोलाही नाही. जपानात असताना मी त्यांचा दुभाष्या होतो आणि एकदा, एकदाच, त्यांच्या तोंडचं उत्तर मी बदललं. ते कसं, ते सांगतोच. पण आधी दादा कसे होते ते सांगायला हवं, नाहीतर मी काय केलं ते नीट कळणार नाही.

दादा मूळचे हमरापूरचे, घर गणपतीच्या कारखान्याचं. रोह्याला आमच्या कंपनीत ड्रायरवर ऑपरेटर. शिफ्ट संपली की घरी जाऊन मूर्तींची आखणी करायची, म्हणजे शेवटी डोळे काढायचे. गावात त्यांच्या आखणीला मान होता. कंपनीतही ड्रायरच्या नुसत्या आवाजावरून माल किती सुकलाय ते सांगत. म्हणूनच जपानच्या मूळ कंपनीने त्यांना दोन वर्षांसाठी बोलावलं. त्यांना जपानी येत नव्हतं, म्हणून सोबत मी. मी रोह्याजवळच्या वरश्याचा, डिप्लोमावाला, सहा महिने क्लास लावून जपानी शिकलेला. वाकायचं किती, चपला काढायच्या कुठे, चॉपस्टिक भातात का खोचायच्या नाहीत, सगळं वहीत लिहून पाठ केलं होतं.

दादांनी वही उघडूनसुद्धा पाहिली नाही. त्यांच्या बॅगेत अर्ध्या भागात पेणचे पोह्याचे पापड होते.

पहिल्याच रविवारी त्यांनी गॅसवर पापड भाजला आणि धुराचा अलार्म वाजला. सगळी इमारत खाली उतरली. मी कमरेत वाकून एकेकाची माफी मागतोय आणि माझ्यामागे हा माणूस ताटली घेऊन फिरतोय. "यांना सांग, आधी चव बघा म्हणावं." मी म्हटलं, "दादा, लोक घाबरलेत." "घाबरलेत म्हणून तं देतोय. खाल्लं की भीती जाते." वरच्या मजल्यावरच्या म्हाताऱ्याने तुकडा उचलला, कुडुम वाजवला आणि दुसरा मागितला. दोन महिन्यांनी त्या म्हाताऱ्याला दादांचं सगळं घर ठाऊक होतं. मला मात्र तो दोन वर्षं नुसती मान लववत राहिला.

गल्लीच्या टोकाला टोफूचं एक जुनं दुकान होतं. एक म्हातारी बाई ते चालवायची. पाण्याने भरलेल्या टाकीत पांढऱ्या लाद्या तरंगत असायच्या आणि ती पाण्यातच त्या कापायची. दादांनी पहिला घास घेतला आणि डोळे मिटले. "हा तं बिनदुधाचा खरवस." त्या दिवसापासून कामावर जाताना दुकानाबाहेरच्या लाकडी बाकावर बसून टोफू खायचा नेम सुरू झाला. वर किसलेलं आलं, थोडा सोया सॉस आणि माशाचा तो पातळ कीस, जो जराशा झुळकीनेही वळवळतो. "मेला, तरी हलतोय बघ," असं म्हणून ते रोज हसायचे. रोज. मी शेजारी उभा राहून घड्याळ बघायचो.

"दादा, उशीर होतोय."

"अरे सायबा, बस की जरा. काय गो आजी, आज आलं कमी टाकलंस?"

हे मराठीत. ती जपानीत काहीतरी उत्तर द्यायची आणि आलं वाढायची. मला भाषांतराला जागाच नसायची. काही विचारलं की दादा "हाय हाय" म्हणायचे. त्यांचं आपलं रोह्याकडचं हाय, पण जपानीत 'हाय' म्हणजे हो, त्यामुळे समोरच्याला वाटायचं याला जपानी येतं. मी सहा महिने फी भरून शिकलो होतो.

सार्वजनिक स्नानगृहात ते पहिल्यांदा चड्डी घालून शिरले. मी बाहेरूनच ओरडलो, "इथे चड्डी चालत नाही!" आतले म्हातारे पोट धरून हसत होते. दादांनी चड्डी काढून माझ्या हातात दिली. "घे. सगळ्यांचं सारखंच हाय." आणि गरम पाण्यात गळ्यापर्यंत बसून त्यांनी आरती म्हटली. पुढच्या आठवड्यात दोन म्हातारे टाळ्यांचा ठेका धरत होते. उन्हाळ्याच्या सणात गावकरी गोल करून नाचले, तेव्हाही हे मधे शिरले. पावलं चुकत होती, पण त्यांना कोण चुका दाखवणार? "आपल्या गौरीच्या नाचासारखंच हाय," म्हणाले. मी कडेला उभा राहून त्यांची पिशवी धरली होती.

दुसऱ्या वर्षीच्या नववर्षाला टोफूवाल्या आजीने त्यांना दारुमा दिला. दारुमा म्हणजे लाल, गोल, बिनहातापायाचा बाहुला. त्याचे डोळे कोरे असतात. मनात इच्छा धरून एक डोळा रंगवायचा, ती पुरी झाली की दुसरा. मी हे सांगेपर्यंत उशीर झाला होता. दादांनी घरी नेऊन दोन्ही डोळे आखून टाकले होते, तेही असे की बाहुला आपल्याकडेच बघतोय. हमरापूरचे डोळे.

मी कपाळावर हात मारला. "दादा, एकच काढायचा असतो!"

"एका डोळ्याचा देव घरात ठेवू? आमच्यात डोळे झाल्याशिवाय मूर्ती दाराबाहेर जात नाय."

दुसऱ्या दिवशी ते तो घेऊन बाकावर आले. मी आजीची माफी मागितली. तिने बाहुला हातात घेऊन फिरवून बघितला आणि म्हणाली, दोन्ही डोळे काढले म्हणजे इच्छा पुरी झालीच म्हणायची. काय मागितलं होतं, विचार.

दादा लाजले. मी त्यांना लाजताना तेवढंच पाहिलं. "सांग तिला, आमची मंडळी अलिबागच्या पुढे कधी गेली नाय. तिला हितं आणायची. या बाकावर बसवून हा खरवस खायला घालायचा. बस."

हे होण्यासारखं होतं. दोन वर्षं झाली की आमच्यापैकी एकाला तिसरं वर्ष मिळणार होतं, आणि तिसऱ्या वर्षी बायकोला पंधरा दिवस आणायची सोय कंपनी करत असे.

मार्चमध्ये प्लँटच्या साहेबांनी आम्हा दोघांना बोलावलं. मला म्हणाले, "यांना विचारा, अजून एक वर्ष राहायला आवडेल का." मी म्हटलं, भाषेचं काय? साहेब हसले. "त्याची काळजी नको. यांना सगळं गाव ओळखतं."

हे वाक्य मला लागलं. दोन वर्षं मी एकही नियम मोडला नव्हता आणि माझी कुणाला गरज नव्हती.

"काय म्हणतात रे?" दादांनी विचारलं.

मी म्हटलं, "घरचे कसे आहेत, विचारतायत."

त्यांचा चेहरा उजळला. "ठीक हायत म्हणावं. वाट बघतायत."

मी साहेबांकडे वळून जपानीत सांगितलं, "घरचे वाट बघतायत. त्यांना परत जायचंय."

साहेबांनी मान डोलावली. दादाही डोलावत होते, अगदी मनापासून.

तिसरं वर्ष मला मिळालं. दादांना वाटलं, कंपनीने ठरवलं. निरोपाला त्यांनी माझ्या पाठीवर थाप मारली. "बरं झालं, तुला मिळालं. तू शिकलेला. आजीकडे लक्ष दे." त्या वर्षी माझी बायको आली. मी तिला त्या बाकावर बसवलं. आजीने टोफू दिला, वर आलं घातलं आणि विचारलं, "पापड-सानची बायको कधी येणार?" पापड-सान म्हणजे पापडराव, गल्लीत दादांचं हेच नाव पडलं होतं. बायकोने मला विचारलं, काय म्हणाल्या? मी म्हटलं, थंडी आहे म्हणतायत.

परत आल्यावर मी दादांकडे दरवर्षी जात राहिलो. रिटायर होऊन ते पूर्णवेळ गणपतीत बसले होते. जपान त्यांच्या अंगातून गेलं नव्हतं. बिनदुधाचा चहा प्यायचे. एसटीच्या कंडक्टरला वाकून नमस्कार करायचे. सोयाबीन भिजवून चुलीवर टोफू करायचे, तो फुटायचा, मग त्यातच सुकट घालून खायचे. वहिनी वैतागायच्या. "यो जपान माझ्या डोकीवर बसलाय भावजी. मला नेलं तं नाय, नुसतं चुलीवर आणून घातलं." दादा हसायचे. मी तळहातावरचा तुकडा उचलायचो. दर वेळी सांगायचं ठरवून जायचो आणि पापडाचं पुडकं घेऊन परत यायचो.

गेल्या वर्षी, कारखान्यात ऐन कामाची गर्दी असताना, दादा पेणला दवाखान्यात होते. मी गेलो तेव्हा समोर दवाखान्याची खिचडी होती. वहिनी बाहेर औषधाला गेल्या होत्या. यापेक्षा चांगली वेळ नव्हती. मी खुर्ची जवळ ओढली आणि म्हटलं, "दादा, एक सांगायचं होतं."

त्यांनी चमचा उचलला, माझ्या नाकासमोर धरला आणि परत ठेवला. "हिची चव नको बघू. हिला सरळ नाय म्हण."

मी हसलो. तेही हसले, मग खोकला आला, सिस्टर आली. मी उठलो. चार दिवसांनी ते गेले.

दिवसकार्य झाल्यावर कारखान्यात गेलो. आखणी राहिलेल्या मूर्ती रांगेत उभ्या होत्या, डोळ्यांच्या जागी नुसता रंग. दुसरा कोणीतरी येऊन त्या पुऱ्या करणार होता. फळीवर दारुमा होता. एवढ्या सगळ्यांत डोळे असलेला तो एकटाच.

वहिनी म्हणाल्या, "भावजी, तिकडं दुकानाबाहेर बाक हाय म्हणं. त्यावर बसून खायचं असतं. तुमची मंडळी बसली का हो त्यावर?"

"हो," मी म्हटलं.

"बरं झालं. कोणतरी बसलं." आणि त्यांनी पुडकं सोडून पापडाचा तुकडा मोडून माझ्यापुढे धरला. तळहातावर.

तो मी खाल्ला.

त्या बाकावर बसायचा हक्क त्यांचा होता आणि तो मी घेतला. ही गोष्ट मी आज तुम्हाला सांगितली. वहिनींना सांगणं अजून बाकी आहे.