नको म्हणणाऱ्याला मदत

प्रताप नगरच्या टपरीवर आमची चौकडी रोज सकाळी चहाला जमते. जगाचे प्रश्न तिथे सुटत नाहीत, किस्से मात्र साचत जातात. यंदाचे सगळे एकाच प्रश्नापायी साचले, आणि तो प्रश्न मला अजून उमगलेला नाही!

कुठल्याशा देशात चक्रीवादळ आलं. लोक उघड्यावर. परदेशी जहाजं धान्य-औषधं घेऊन समुद्रात उभी, आणि तिथलं सरकार म्हणतं, मदत नको! मग जहाजांनी जबरदस्तीनं घुसावं का?

"घुसाच गा!" रिटायर्ड हेडक्लार्क मनोहरभाऊंनी बाकावर थाप मारली. "लोकं मरून राहिले अन् तुम्ही परवानगी काय मागता?"

"अन् घुसले ते परत गेलेच नाही त?" उमरेडहून बसनं अप-डाऊन करणारा गजूभाऊ म्हणाला. "दुसऱ्याच्या घरात असं घुसता येते काय?"

मला दोघांचंही पटलं. तसं म्हटलं, तर दोघंही माझ्यावरच चिडले!

*

शोभाताई आमच्यातल्या निवृत्त शिक्षिका. त्यांचा पाय मोडला तेव्हा अख्ख्या कॉलनीनं न विचारता डबे पाठवले. एका दिवशी सात डबे आणि सातही डब्यांत खिचडी!

"मी नको नको म्हणून राहिली, त म्हणे ताई संकोच करून राहिल्या!"

"म्हणजे जबरदस्ती वाईटच," मी म्हणालो.

"असं कोण म्हणते? डबे बंद झाले त्या दिवशी मले रडू आलं."

झालं! मी पुन्हा होतो तिथेच.

*

गजूभाऊचं घर विणकरांचं. एकदा वादळात त्यांच्या हातमागाच्या खोलीचे पत्रे उडाले. मदतीची गाडी आली आणि तिनं काय वाटलं? ब्लँकेटं! भर मे महिन्यात, उमरेडमध्ये, तेही विणकरांना!

"बाबा म्हणे, पत्रे द्या. ते म्हणे, आधी ब्लँकेट अंगावर घ्या, फोटो काढायचा आहे."

"मग?"

"मग काय गा! घामाघूम होऊन फोटो काढला सगळ्यायनं."

*

आणि मग जुलैत मनीषनगरात नाल्याचं पाणी मनोहरभाऊंच्याच घरात शिरलं. लाईट गेलेली. त्यांच्या बायकोला, कुसुमवहिनींना, रोज इन्सुलिन लागतं, आणि ते खालच्या मजल्यावर बुडालेल्या फ्रिजमध्ये! एका ट्रॅक्टरवाल्याला पटवून आम्ही तिघं त्यांना बाहेर काढायला पोचलो. फाटकाला कुलूप, आणि गच्चीवर छत्री घेऊन भाऊ.

"काही गरज नाही! आमचं आम्ही पाहून घेऊ. परत जा!"

"अहो, तुम्हीच त म्हणे घुसा म्हणून!" शोभाताई ओरडल्या.

"तो देश होता ताई! हे माझं घर आहे!"

दुसऱ्याच्या घरात घुसू नये म्हणून ज्यानं आमचं डोकं खाल्लं होतं, तो गजूभाऊ सरळ कंपाउंडच्या भिंतीवर चढला.

"उतरा! माणसाचा काही मान असते का नाही?" शोभाताई म्हणाल्या. लगेच म्हणाल्या, "नाही नाही, चढा! वहिनीचं इन्सुलिन!"

मी कमरेएवढ्या पाण्यात उभा राहून दोन्ही वेळा मान डोलावली. वहिनींची काळजी होतीच, आणि तरी आम्ही वाद घालतच होतो. वरून भाऊ मुद्दे मांडत होते, खालून आम्ही ते खोडत होतो. चांगला अर्धा तास!

तेवढ्यात वरच्या मजल्याची खिडकी उघडली. आतून एक बॅग धपकन् गजूभाऊच्या अंगावर आली, आणि मागोमाग कुसुमवहिनींचा आवाज:

"सकाळपासून बॅग भरून बसली आहे मी! तुमचं ठरत राहीन, तोवर मले कोणी खाली उतरवते काय?"