खात्रीशीर माहितीचे भाऊजी

जगात आजवर जेवढी माणसं वेळेवर माहिती न मिळाल्यामुळं फसली, बुडाली किंवा चुकीच्या गाडीत बसली, त्या सगळ्यांचं पाप आपल्या एकट्याच्या डोक्यावर आहे, अशा काळजीनं आमचे राहात्याचे भाऊजी उभं आयुष्य जगले. भाऊजी म्हणजे आमच्या ह्यांचे मावसभाऊ. साखर कारखान्यात टाइम ऑफिसला नोकरी, अंगानं काटकुळे, आणि चेहरा असा की समोरच्याला वाटावं, हा आता काहीतरी वाईट सांगणार. बहुतेक वेळा ते सांगतही. एसटी स्टँडवर अनोळखी माणसाजवळ जाऊन ते आपण होऊन म्हणत की कोपरगावची गाडी गेली, पुढची येईल पण तिला जागा नसेल, आणि असलीच तर मागच्या चाकावरची असेल. आमच्या नगरातल्या सावेडीच्या घरी आले की चहाला तोंड लावायच्या आत आमच्याच गल्लीत कुणाच्या प्लॉटवर दावा लागलाय नि कुणाच्या बोअरला खारं पाणी लागलंय हे मला सांगत. गल्लीत राहत होते मी, आणि ते आलेले असत राहात्याहून. कुणी गेल्याचं कळवायला आले तर तो आजार नेमका कसा सुरू होतो तेही समजावून जात. ऐकणाऱ्याला रात्रीपर्यंत तो सुरू झालेला असे.

नव्वदचं दशक अर्धं सरलं होतं तेव्हा या माणसानं मुदतीआधी नोकरी सोडली आणि मिळालेल्या पैशात कॉम्प्युटर आणला. बाहेरच्या खोलीवर बोर्ड लागला: संगणकीय वधूवर सूचक केंद्र, माहिती खात्रीशीर. कॉम्प्युटर बघायला मी सावेडीहून मुद्दाम गेले, आणि जाताना ठेवणीतली नारळी काठाची साडी नेसले. तेव्हाची मी म्हणजे चष्म्याच्या दुकानात जातानाही पावडर लावणारी बाई; त्या यंत्राला समोरचं माणूस दिसत असणार अशी माझी समजूत होती. चपला बाहेर काढल्या, पडद्याला नमस्कार केला, आणि भाऊजींच्या आग्रहाला बळी पडून आमच्या दोघांच्या जन्मवेळा सांगितल्या. प्रिंटर बराच वेळ करकरला. कागदावर आलं की हा विवाह योग्य नाही. मी म्हटलं, अहो भाऊजी, आमची दोन मुलं कॉलेजात आहेत. ते गंभीरपणे म्हणाले, "वहिनी, कॉम्प्युटरला भिडस्तपणा नसतो." घरी येऊन मी ह्यांच्याशी दोन दिवस बोलले नाही. ह्यांना वाटलं, आमटी आळणी म्हटल्याचा राग आहे. आज माझी नातवंडं मोबाईलवर काहीतरी वाचून तोंडं पाडून बसतात तेव्हा मला त्यांना बोलायला जागाच उरलेली नाही.

भिडस्तपणा भाऊजींनाही नव्हता. लग्नाच्या बाजारात माणसं जी भाषा बोलतात ती त्यांनी केंद्राच्या दारातच बंद केली. सावळी म्हणून सांगितलेली मुलगी काळी असेल तर ते ‘काळी’ लिहीत. ‘स्वतःचा व्यवसाय’ म्हटलं की व्यवसाय बघायला सायकलवर जात, आणि तिथं मुलगा कॅरम खेळताना दिसला तर तसं नोंदवीत. आपल्याकडे स्थळाची चौकशी म्हणजे पानवाल्याला विचारायचं, न्हाव्याला विचारायचं, आणि पुढं नको तेवढं पोटात ठेवून हवं तेवढं सांगायचं. भाऊजी पानवाल्याला आणि न्हाव्याला विचारीत. पोटात मात्र काही ठेवीत नसत. पुण्याहून आणलेल्या त्या प्रोग्रॅममध्ये रकाने होते: शिक्षण, उंची, व्यसन, आजार. रकाना लहान, त्यात एखाददुसराच शब्द मावे. आणि रिकामा रकाना दिसला की भाऊजींना जेवण जात नसे.

मुलांचे बाप त्यांच्यावर उखडून असत. पण मुलींच्या आया लांबलांबून यायच्या. एकदा माझ्यादेखत शेतावरून तशीच आलेली एक बाई दारात उभी राहिली. तिनं पोरीसाठी ठरवत आणलेलं स्थळ भाऊजींच्या कागदावर ‘व्यसन: दारू’ असं वाचून मोडलं होतं. आत यायलाही तयार होईना. उंबऱ्याबाहेरूनच म्हणाली, "भाऊ, लई उपकार झालं. तुमी छापलं म्हनून कळलं. न्हाईतर आमाला कोन सांगनार हुतं?" ती गेल्यावर भाऊजी चष्मा पुसत बसले. बराच वेळ पुसला. त्यांना नुसतं खोडसाळ म्हणणाऱ्या माणसांना मी ही गोष्ट सांगते, आणि पुढची सांगत नाही.

पुढची नंदाची. नंदा त्यांची एकुलती मुलगी, बी. कॉम. झालेली, हसतमुख, आणि अशा बोलक्या बापाच्या घरात राहून अबोल झालेली. लहानपणी तिला आकडी यायची. पाचवीत असताना शेवटची आली, मग डॉक्टरांनी गोळ्याही बंद केल्या, आणि घरातले सोडले तर ही गोष्ट फक्त मला ठाऊक होती. नंदाचं नाव केंद्रात घालायची वेळ आली तेव्हा जाऊबाई म्हणाल्या होत्या, सगळं लिहा, पोरीचं तेवढं लिहू नका. जाऊबाई नवऱ्याकडे कधी काही मागणाऱ्यातल्या नव्हेत. भाऊजी रात्रभर जागे राहिले म्हणे, आणि सकाळी त्यांनी बायकोला उत्तर दिलं: "दुसऱ्यांच्या पोरींचं चव्हाट्यावर मांडतो, आणि माझ्या पोरीचं झाकू?" बसले आणि लिहिलं. ‘आजार: आकडी’. ‘होती’ लिहायला रकान्यात जागा नव्हती.

तेवढ्यावरही निभावलं असतं, पण माहिती एका गावात कोंडून ठेवणं भाऊजींना पाप वाटे. नगरला जिल्ह्यातल्या केंद्रवाल्यांची बैठक भरली तेव्हा आपापल्या फ्लॉप्या एकमेकांना द्याव्यात ही कल्पना मांडणारे हेच. टाळ्या पडल्या. राहात्याची माहिती खात्रीची म्हणून सगळ्यांनी आधी तीच उतरवून घेतली. वर्षभरात नंदाला पाहायला म्हणून येणारी माणसं येण्याआधीच कळवू लागली की सध्या मुलाचा विचार नाही. पहिल्या वेळी भाऊजी म्हणाले, ठीक आहे, त्यांना खरं कळलं आणि त्यांनी ठरवलं. दुसऱ्या वेळीही तेच म्हणाले, जरा हळू. तिसऱ्या वेळी जाऊबाईंनी त्यांचं ताट वाढलं आणि स्वतः परसात जाऊन बसल्या. त्या दिवशी भाऊजींनी कॉम्प्युटरवरून नंदाचं नाव काढलं.

मग निघाले गावोगाव. संगमनेर, श्रीरामपूर, नगर, नाशिक. खांद्याला पिशवी, पिशवीत चटणी-भाकरी. केंद्रवाले त्यांना मानत. उठून खुर्ची देत, त्यांच्यासमोर नाव काढून दाखवत. परत जाताना ते आमच्याकडे उतरले. मी विचारलं, झालं का काम? म्हणाले, "वहिनी, कागद असता तर फाडला असता, फाटलेला दिसला असता. हे काढलं म्हणतात. पडदा तर आधीही कोराच होता." त्यांची थट्टा करायची माझी जुनी खोड, तेव्हा मात्र मी नुसती पोळी वाढली.

त्यानंतर बेलापूरचं स्थळ आलं. मुलगा शिक्षक, घरचं शेत, माणसं मोकळी. मी आदल्या दिवशीच राहात्याला जाऊन पोह्यांवर ताबा घेतला होता. नंदानं पोहे दिले, मुलाच्या आईनं तिला जवळ बसवून घेतलं, शाळेतल्या गमतीजमती निघाल्या, मुलगा तर दोनदा नंदाकडे बघून हसला. मी स्वयंपाकघराच्या दारात उभी राहून मनातल्या मनात लग्नात नेसायच्या साडीचा रंग ठरवत होते. अक्कल त्याही वयात आलेली नव्हती. एवढ्यात मुलाच्या मामांनी खिशातून घडी काढली. कागद नाशिकच्या कुठल्यातरी केंद्रातला होता, भाऊजींनी नावही न ऐकलेल्या. मामा संकोचूनच म्हणाले, विचारून घ्यावं म्हटलं, राग नसावा.

कोणी काही बोलायच्या आत नंदा बोलली. स्वच्छ, शांत आवाजात. "येत होती. पाचवीत असताना शेवटची आली. गोळ्या बंद होऊनही खूप वर्षं झाली."

मुलाच्या आईनं तिच्या पाठीवरचा हात काढला नाही, एवढं मी सांगते. ती बाई वाईट नव्हती. तिनं कागदाकडे पाहिलं, मग भाऊजींकडे, आणि अगदी अदबीनं म्हणाली, "व्हय गं बाई. पन हितं तर हाय म्हनून छापलंय. आन् खाली तुमच्याच केंद्राचं नाव हाय, भाऊ. तुमी खोटं छापत न्हाई, हे समद्यांला म्हाईत हाय."

भाऊजींनी तोंड उघडलं. आपला कागद खरा म्हणावा तर मुलगी जाते, आणि खोटा म्हणावा तर ज्यांनी त्यांच्या कागदावर विश्वास ठेवून पोरी दिल्या नि राखल्या, त्या साऱ्या आया जातात. ते म्हणाले, "रकाना लहान होता." पाहुण्यांना ते कळलं नाही. कळवतो म्हणाले, जाताना वाकून नमस्कार केला, पोहे चांगले झाले होते असंही म्हणाले. मुलगा फाटकापाशी थांबून एकदा मागं वळला. मामांनी हाक मारल्यावर गेला.

बेलापूरहून निरोप आलाच नाही, आणि पुढच्या महिन्यात बोर्ड उतरला. आया येतच राहिल्या. भाऊजी त्यांना दारातूनच सांगत की केंद्र बंद आहे. त्यानंतर त्या भागात किती पोरी न विचारता दिल्या गेल्या, देव जाणे. नंदाला सावेडीच्या एका शाळेत ऑफिसची नोकरी लागली आणि ती आमच्याकडे राहायला आली. राहिली. माझ्या दोन्ही नातवंडांना अक्षरं तिनं शिकवली. भाऊजी दर रविवारी भेटायला येत, दुपारभर तिच्याशेजारी बसून पेपर वाचत, आणि संध्याकाळी ती नि मी त्यांना तारकपूर स्टँडवर सोडायला जात असू.

अशाच एका संध्याकाळी ते खिडकीपाशी बसले होते आणि नंदा खाली उभी राहून त्यांना औषधाच्या वेळा सांगत होती. शेजारच्या सीटवर त्यांच्याच वयाचे एक गृहस्थ होते, बोलके, गाडी सुटेपर्यंत वेळ काढणारे. त्यांनी विचारलं, कोण, मुलगी का? भाऊजी म्हणाले, "हो. माझी मुलगी." गृहस्थ सरसावून बसले; काय करते, लग्न कुठं दिलंय, नातवंडं किती. नंदा खाली मान घालून पर्सची चेन उघडझाप करू लागली.

भाऊजींनी त्या गृहस्थांकडे नीट पाहिलं. मग बाहेर हात काढून नंदाच्या डोक्यावर ठेवला, तो आत घेतला, आणि त्या गृहस्थांचा एकही रकाना न भरता खिडकीची काच सावकाश ओढून घेतली. गाडी हलली. काच धुळीनं भरलेली होती, आतलं काही दिसत नव्हतं, तरी नंदा गाडी वळेपर्यंत हात हलवत राहिली.