ऐकल्या दिवसापासून

जर्मनीतला आमचा वर्षभराचा अभ्यासक्रम जुलैत संपला. शेवटच्या दिवशी विद्यापीठाच्या बागेत जेवण होतं आणि प्रत्येकाने उठून दोन शब्द बोलायचे होते. मी वडिलांबद्दल बोललो. ते दरवर्षी आईबरोबर ऊसतोडीला जातात, आणि मला शिष्यवृत्ती मिळाली तेव्हा त्यांनी एकच प्रश्न विचारला, "तिथं भाकरी मिळती का?" सगळे हसले. मीही हसलो. तेव्हा वडील वारून पाच महिने झाले होते.

मला ते ठाऊक नव्हतं. दर रविवारी आई व्हिडिओ कॉलवर यायची, कपाळावर नेहमीचं ठसठशीत कुंकू. वडील कधी मुकादमाकडे गेलेले असायचे, कधी उसाच्या फडात, हंगाम संपल्यावर रानात. फोनवर बोलायचा त्यांना पहिल्यापासूनच कंटाळा. आधीही "जेवलास का" एवढं विचारून ते फोन आईच्या हातात द्यायचे. त्यामुळे मला शंका आली नाही. आली नाही, की मी येऊ दिली नाही, हे अजून नीट सांगता येत नाही.

शिरूर कासारच्या स्टँडवर धाकटे चुलते मोटारसायकल घेऊन आले होते. वाटेत त्यांनी विमानाबद्दल विचारलं, तिकडच्या थंडीबद्दल विचारलं. घरापुढे गाडी थांबली. आई दारात उभी होती. तिचं कपाळ मोकळं होतं.

"आज न्हाई लावलं," ती म्हणाली. "आता समोर आलास. किती खोटं लावू?"

माघात, फडावरच वडील गेले होते. अग्नी चुलत्यांनी दिला. मला कळवायचं नाही, हे आईनं ठरवलं. कळलं तर मी निघून येईन आणि पुन्हा जाणार नाही, अशी तिला भीती होती. रविवारी ती माझ्यासाठी कुंकू लावायची आणि फोन ठेवला की पुसून टाकायची.

मी बॅग खाली ठेवली आणि न्हाव्याला बोलवायला सांगितलं.

"आता कशाचं सुतक?" चुलते म्हणाले. "तेरावं झालं, सगळं झालं. उद्या शाळंत तुझा सत्कार ठेवलाय. टक्कल करून जातोस का तिथं?"

"मला आज कळलंय, नाना."

"आरं पण लोकं काय म्हणतील? बाप मेल्यावानी तोंड करून बसलंय हे पोरगं..." बोलता बोलता ते थांबले आणि मान खाली घालून ओट्यावर बसले.

शेजारचे म्हातारबाबा आले होते. असल्या बाबतीत गाव त्यांनाच विचारतं. ते म्हणाले, "पोराचं सुतक ऐकल्या दिवसापासून. त्यानं आज ऐकलंय. बसू द्या त्याला."

दुसऱ्या दिवशी मी शाळेत गेलो नाही, म्हणून शाळाच घरी आली. मुख्याध्यापक, चार शिक्षक, गावातले काही जण, हातात हार, शाल, नारळ. मी डोकं भादरून घोंगडीवर बसलो होतो. मुख्याध्यापकांनी हार हळूच पिशवीत घातला.

"शाल द्यायची का न्हाई मग?" मागून कुणी तरी कुजबुजलं.

"गप बस की बे!"

ते सगळे खाली बसले. मग वडिलांबरोबर फडावर असणारे एक जण म्हणाले, "लई जड मोळी उचलायचा. दुसऱ्याची बी उचलून द्यायचा." माझ्यासमोर वडिलांबद्दल असं कुणी पहिल्यांदाच बोलत होतं.

ते ऐकून आई आतून आली आणि माझ्याजवळ बसली. "त्या दिवशी सकाळपासून छातीत दुखतंय म्हणत होते," तिनं सांगायला सुरुवात केली. हातातलं काम टाकून ते कसे टेकले, तिनं पाणी कसं पाजलं, गाडी यायला किती वेळ लागला. सांगताना तिला रडू फुटलं. चुलते म्हणाले, "वैनी, ऱ्हाऊ द्या आता." तिनं नकारार्थी मान हलवली आणि सांगत राहिली.

तिचं रडणं एकदा होऊन गेलं होतं. माझ्यासाठी ती पुन्हा पहिल्या दिवसावर आली होती. मी तिला थांबवलं नाही.