रक्ताचा आवाज ऐकणारा मेहुणा

स्वतःच्या आजारावर आमच्या मेहुण्याइतका खूश झालेला माणूस अख्ख्या आंबेगाव तालुक्यात सापडायचा नाही, आणि जुन्नर तालुक्यात मी स्वतः राहतो म्हणून खात्रीनं सांगतो, तिथंही नाही. मेहुणा म्हणजे माझ्या बायकोचा थोरला भाऊ. भीमाशंकरच्या अलीकडे डोंगराच्या कडेला त्यांचं गाव. लहानपणापासून त्याची हाडं दुखायची, डोळे पिवळे व्हायचे, आणि शाळेत असतानाच एका सकाळी त्याचा डावा हात लुळा पडला तो पडलाच. अंगावरून वारं गेलं, असं गावानं ठरवलं. पुढं तो मोठा झाला, काम करता करता मध्येच कण्हत आडवा व्हायला लागला, तेव्हा गावानं आणखी एक गोष्ट ठरवली, की गडी कामचुकार आहे.

आमची मुलगी तान्ही असताना तिचे हातपाय सुजले. रक्त तपासलं तर सिकलसेल निघाला. आईबाप दोघांच्याही रक्तात थोडा थोडा दोष असला की पोराला हा आजार होऊ शकतो, गोल पेशी विळ्यासारख्या वाकतात आणि बारीक रक्तनळ्यांत अडकतात, असं डॉक्टरांनी समजावलं आणि सगळ्या घराचंच रक्त तपासलं. मी आणि बायको डोक्याला हात लावून बसलो होतो. मेहुणा मात्र रिपोर्ट नाचवत दारात उभा. "दाजी, माझ्या दुखण्याला नाव हाय! मी आळशी न्हाय, मला शिकलसेल हाय!" त्यानं गावात जाऊन खरोखर पेढे वाटले. एका म्हाताऱ्यानं पेढा तोंडात टाकत विचारलं, "लगीन ठरलं का काय रं?" तर म्हणाला, "न्हाय काका, आजार ठरला."

तेव्हापासून त्याला रक्तनळ्यांचं वेड लागलं. पुण्याच्या डॉक्टरांनी कधीतरी त्याला सांगितलं होतं, की या आजारात नुसतं रक्त बघून भागत नाही, नळीच्या आतल्या अस्तराचं कसं चाललंय तेही बघावं लागतं. झालं! एसटीच्या थांब्यावर तो अनोळखी माणसाला बाटलीतलं पाणी आग्रहानं पाजायचा, कारण पाणी कमी पडलं की रक्त दाटतं. चारचौघांत, सरपंचांना गाठून, मोठ्यांदा विचारायचा, "सरपंच, लघवीतनं प्रथिनं जात्यात का बघितलं का? मूत्रपिंडाच्या बारीक नळ्यांचं दुखणं आधी तितंच कळतंय." लग्नात तर त्याला बोलवायची लोकांना धास्ती. मंचरकडच्या एका सुपारीत त्यानं भर बैठकीत सांगितलं, "गुण जुळलं ते लई चांगलं झालं, पर दोघांचं रक्त आधी तपासा. दोघांतबी दोष निघाला तर पोरांचं हाल व्हत्यात." नवरदेवाचा बाप हातातली सुपारी टाकून उठला. आठवडाभरानं तोच बाप दोघांना घेऊन गुपचूप तपासणीला गेला, हे मेहुण्यानं कुणालाही सांगितलं नाही. मला त्या बापाकडूनच कळलं.

मुलगी थोडी मोठी झाल्यावर तिच्या डोक्यातल्या रक्तनळ्यांची दरवर्षी तपासणी सुरू झाली. कानशिलावर एक छोटं यंत्र टेकवतात आणि मेंदूकडं जाणारं रक्त किती वेगानं धावतंय ते मोजतात. नळी आतून अरुंद झाली की वेग वाढतो, आणि वेग फार वाढला तर मेंदूला झटका येऊन हातपाय लुळे पडण्याची भीती. या तपासणीला पुण्याला आमच्याबरोबर यायचाच, असा मेहुण्याचा हट्ट. यंत्रातून रक्ताचा आवाज ऐकू यायचा, हुश्श, हुश्श, आणि हा माणूस डोळे मिटून, मान डोलवत, भजनाला बसल्यासारखा ऐकायचा. एका वर्षी तो डोलायचा थांबला. तपासणाऱ्या बाईंनी अजून तोंडसुद्धा उघडलं नव्हतं. "पोरीचं रगत पळतंय, दाजी," एवढंच तो म्हणाला. बाहेर बाकावर बसून त्यानं उजव्या हातानं आपला डावा हात मांडीवर उचलून ठेवला आणि त्याकडं बघत राहिला. "माझ्या टायमाला कुणी ऐकाया व्हतं का? माझंबी असंच पळत असंल."

वेग खरोखरच वाढला होता. दर महिन्याला रक्त चढवायचं ठरलं. मेहुण्याला स्वतःचं रक्त देता येईना, म्हणून तो गावात दारोदार फिरला. त्याला कामचुकार म्हणणारे सगळे गडी त्यानं एका जीपमध्ये कोंबून रक्तपेढीत आणले. बैलाची वेसण हातानं आवरणारी माणसं सुई बघून पांढरीफटक पडायची, आणि हा एकेकाच्या उशाशी बसून म्हणायचा, "घाबरू नगंस राव, एवढ्या जाड नळ्या देवानं दिल्यात तुला, त्याचं काय तरी चीज कर." वर्ष उलटलं. पुढच्या तपासणीत वेग उतरला होता. रक्ताच्या जागी हळूहळू गोळ्या आल्या. मुलगी आता कॉलेजात जाते, आणि तिच्या दोन्ही हातांवर नेलपॉलिश असतं. तिच्या डाव्या हाताचं नेलपॉलिश मेहुणा जरा जास्त वेळ बघतो, असं मला वाटतं.

गेल्या वर्षी त्याच्या स्वतःच्या हृदयाची सोनोग्राफी झाली. फुफ्फुसांतल्या नळ्यांत दाब वाढलाय, चढण चढायची नाही, असं सांगितलं. त्याच्या गावात चढणीवाचून घरातून अंगणातही येता येत नाही. माझ्या बायकोनं त्याला जुन्नरला आमच्याकडं आणलं. इथं तो मजेत असतो, शेजारपाजारच्यांना पाणी पाजतो, पण संध्याकाळी गच्चीत खुर्ची टाकून पश्चिमेकडं तोंड करून बसतो. "काय दिसतंय?" असं मी विचारलं, की म्हणतो, "काय न्हाय ओ, ढग हायती."

यंदा भाताच्या आवणीला मुलगी मामाच्या गावी गेली आणि तिथून तिनं व्हिडिओ कॉल लावला. मेहुण्यानं फोन नाकाला लागेल इतका जवळ धरला. हिरवी रोपं, वाकलेल्या पाठी, त्यामागं धुक्यात बुडालेला कडा. "जरा डावीकडं कर," तो म्हणाला. "आणखी. हां, तितंच." तिथं मला तर काहीच दिसत नव्हतं, नुसतं पाणी आणि बांध. मग फोन हलला, खाली झुकला, आणि घोट्यापर्यंत चिखलात रुतलेले मुलीचे पाय दिसले.

गारठ्यानं नळ्या आवळतात आणि दुखणं उठतं, तिनं तिथं उतरू नये, हे आम्हा तिघांनाही माहीत होतं. बायको ओरडणारच होती. मेहुण्यानं मान हलवूनच तिला थांबवलं.

"पोरी," त्यानं हळूच विचारलं, "चिखुल कसा लागतोय गं पायाला?"

"गार लागतोय, मामा. मऊ आहे एकदम."

"बरं. आता वर ये," तो म्हणाला. आणि मग, ती बांधावर चढायच्या आत, घाईघाईनं, "थांब. अजून एक पाऊल टाक, मग ये."