साहेबरावांच्या फेऱ्या

लातूर जिल्हा वेगळा झाला, नवी कार्यालयं उघडली, तेव्हा साहेबराव देवणीकडून शिपाई म्हणून आले आणि मी उदगीरहून कारकून म्हणून. त्यांचं वय पस्तिशीच्या आतलं, पण जिना चढताना मधल्या पायरीवर थांबायचे. बहात्तरच्या दुष्काळात खडी फोडायला लागले ते पुढं आठ वर्षं खडी मशीनवरच राहिले. ती धूळ छातीत बसली ती बसलीच. दवाखान्यात सांगितलं होतं, औषधानं फार काही होणार नाही. रोज मोकळ्या हवेत तासभर चाला, चुकवू नका.

साहेबरावांनी कधी चुकवलं नाही. पहाटे माळावरच्या वस्तीतून निघून गावातल्या मैदानावर यायचे. तिथं डॉक्टर, वकील, अधिकारी आणि करडईचे व्यापारी शिवप्पा असे दहा-बारा जण फिरायचे. मीही त्यात होतो. मैदानाला लागून दोन डाळमिल होत्या. शहाऐंशी साली पावसानं पाठ फिरवली, वाऱ्यावर तुरीच्या टरफलांची भुकटी उडू लागली. अंगावरचा सदरा पिवळा व्हायचा. आम्ही शिंकत घरी जायचो. साहेबराव मात्र तिसऱ्या फेरीलाच खाली बसायचे.

मिल हलवाव्यात असा अर्ज करायचं शिवप्पांनी ठरवलं. मी तो टाइप केला. सह्या गोळा केल्या साहेबरावांनी. सायकल हातात धरून, दम खात, दारोदार फिरून दोनशे सह्या आणल्या. नव्या जिल्ह्याचे मोठे अधिकारीच मैदानावर फिरत असल्यामुळं काम लवकर झालं. पाच महिन्यांत मिल हलल्या. मैदानावर पेढे वाटले गेले.

मिल गेल्या त्या माळावर. साहेबरावांच्या वस्तीपासून हाकेच्या अंतरावर.

त्यांची बायको चांगुणा सकाळी भाकरी थापायची ती दार लावून. पाण्याच्या घागरीवर भुकटीची साय धरायची. साहेबरावांनी दुसरा अर्ज आणला. तोही मी टाइप केला. खाली वस्तीतल्या साठ जणांचे अंगठे आणि सह्या होत्या. उत्तर आलं की जागा नियमानुसार दिली आहे.

तरी ते मैदानावर येत राहिले. नाकाला ओलं फडकं बांधून, मिलच्या भिंतीजवळून, तीन मैल. पोचेपर्यंतच धाप लागलेली असायची. एकदा शिवप्पा कौतुकानं म्हणाले, "एवढ्या लांबून येता साहेबराव! तुम्हाला हौस लई हाय."

साहेबरावांनी तोंडावरचं फडकं काढलं. "हौस न्हाई, अप्पा. इथली भुकटी म्या सह्या घेऊन माझ्याच दारात नेली. श्वास घ्यायला आता परत इथंच यायलोय."

शिवप्पा म्हणाले, कुठं तरी जाणारच की मिल. तुमच्याकडं माळ मोकळा होता. त्यांच्या मनात वाईट नव्हतं. त्यांना खरंच तसं वाटत होतं आणि म्हणूनच ते साहेबरावांना जास्त लागलं असावं. दुसऱ्या दिवसापासून साहेबराव मैदानावर आले नाहीत.

पण चालणं सोडलं नाही. दुपारच्या सुट्टीत कार्यालयाच्या व्हरांड्यात फेऱ्या मारू लागले. पूर्वेच्या टोकापासून पश्चिमेच्या टोकापर्यंत, ओठ हलवत मोजत. सुरुवातीला लोक हसले. मग कुणाला तरी पायांच्या आवाजाचा त्रास झाला, कुणाला वाटलं, आलेल्या माणसांसमोर बरं दिसत नाही. कार्यालयाच्या मोठ्या साहेबांनी मला बोलावून परिपत्रक सांगितलं: कर्मचाऱ्यांनी व्हरांड्यात विनाकारण फिरू नये. त्यात नाव नव्हतं. मी म्हणू शकलो असतो की कारण आहे. म्हणालो नाही. टाइप केलं.

परिपत्रक टेबलाटेबलावर नेऊन सह्या घ्यायचं काम शिपायाचं. साहेबरावांनी ते उभ्यानं वाचलं, माझ्याच पेनानं स्वतःची सही आधी केली आणि पुढच्या टेबलाकडं गेले. सगळ्यांच्या सह्या होईपर्यंत त्यांनी व्हरांडा चार वेळा पार केला. त्याला कुणी हरकत घेतली नाही.

नंतर ते दुपारी फाटकाबाहेर जाऊन रस्त्यानं चालायचे. त्या उन्हाळ्यात पाण्याचे टँकर सारखे ये-जा करत होते. एक टँकर गेला की धुळीत माणूस दिसेनासा व्हायचा. एका दुपारी मी त्यांना गाठलं आणि म्हटलं, हवा खराब आहे तोवर बसून राहा, घरातच हातपाय हलवा.

"घरात काय येगळी हवा हाय का, भाऊसाहेब?" ते म्हणाले. "आन बसलो की उठायची सवयच जाईल."

एवढं बोलायला त्यांना दोनदा थांबावं लागलं. समोरून टँकर आला. त्यांनी फडकं वर ओढलं, डोळे मिटून कडेला उभे राहिले आणि धूळ खाली बसायच्या आतच पुढं चालू लागले. मला सुट्टी संपायच्या आत जेवायचं होतं. मी आत येऊन डबा उघडला.