फादर रेमंडचं मौन अन् आमची तोंडं

गिरणीवाल्याला किस्से शोधायला कुठं जावं लागत न्हाई. दळणाचा डबा खाली ठेवला की माणूस मोकळा होतो, अन् मोकळा माणूस बोलतो. त्यात माझी पिठाची गिरणी चर्चच्या कंपाउंडला लागून! रविवारी मिस्सा, म्हंजे चर्चमधली उपासना, सुटली की अर्धं गाव गहू-ज्वारी घेऊन माझ्याच दारात. प्रवचनात काय सांगितलं ते कुणाच्या ध्यानात राहो न राहो, कोण काय बोललं अन् कोण कुठं फसलं ते मला बराबर कळतं. एवढे किस्से जमलेत की मी गेल्यावर पोरं गिरणी विकतील, पण ह्यांचं काय करायचं ते त्यांना कळणार न्हाई.

आज सांगतो ते सगळे एकाच माणसाचे. आमच्या फादर रेमंडचे.

कुंभार पिंपळगावच्या बाजाराला जाताना रोडच्या डाव्या हाताला एक फाटा लागतो. तिथून आत आमचं गाव. पत्र्याचं चर्च, एक घंटा, चाळीसेक घरं ख्रिस्ती, बाकी सगळे मिळून-मिसळून. फादर आले वसईकडून. किडकिडीत अंग, जाड चष्मा, अन् आवाज इतका हळू की पहिल्या बाकावरच्याला पण कान पुढं करावा लागायचा.

पहिल्याच रविवारी त्यांनी मन उघडं केलं. लहानपणापासून त्यांना मठात जायचं होतं. जिथं संन्यासी लोक घंटेवर उठतात, घंटेवर प्रार्थना करतात, शेतात राबतात अन् कामाशिवाय तोंड उघडत न्हाईत, तसल्या मठात. बिशपसाहेबांनी सांगितलं होतं, "आधी एक वर्ष गावात काढा. मग मठाचे मोठे स्वामी येऊन तुम्हाला बघतील. त्यांना पटलं, तर जा."

"मला आयुष्यात एकच गोष्ट हवी आहे," फादर म्हणाले. "शांतता."

माझी गिरणी चालू होती. मी चर्चमध्ये, म्हणून त्या दिवशी गिरणीवर पोरगा बसला होता. तिच्या धडधडीत मागच्या बाकांवर काहीच ऐकू आलं न्हाई. आमची यमुनाबाई उठून उभी राह्यली. यमुनाबाई म्हंजे चर्चमधलं पहिलं गाणं तिचं, फादरचा स्वयंपाक तिचा, अन् गावातली शेवटची बातमी पण तिचीच.

"काय पायजे म्हणले?"

"शांतता!" पुढून कुणीतरी ओरडलं.

"अगं माय! मंग हितं कशाला पाठवलं ह्यांना?"

*

फादर मठाबद्दल फार छान सांगायचे. एका रविवारी प्रवचनात म्हणाले, "मठात घंटा म्हणजे देवाची हाक. घंटा झाली की हातात जे असेल ते तिथंच सोडायचं. लिहिणारा माणूस अक्षर अर्धं सोडून उठतो!"

हे सगळ्यात जास्त कुणाला पटलं असंल तर किसनला. किसन आमचा घंटेवाला. दिवसभर मजुरी करतो, पण तीन टायमाची घंटा कधी चुकवत न्हाई. त्याला स्वतःच्या कामाची एवढी इज्जत पहिल्यांदाच ऐकायला मिळाली होती.

त्याच आठवड्यात मिस्साच्या सामानासाठी लोखंडी कपाट आलं. पायऱ्यांवरून वर न्यायचं होतं. वरच्या बाजूला किसन, खालच्या बाजूला स्वतः फादर! नको म्हणलं तरी ऐकलं न्हाई. मठात सगळे अंगमेहनत करतात म्हणे. दुपारची घंटा त्या दिवशी किसनच्या बायकोवर सोपवली होती, अन् तिनं ती टायमावर वाजवली.

किसननं कपाट सोडलं! हात जोडले, डोळे मिटले, अन् "प्रभूच्या दूताने..." सुरू. कपाट फादरला घेऊन खाली आलं.

"किसन!" खालून आवाज.

"श्शू! फादर, घंटा झाली!"

पूर्ण प्रार्थना म्हणला. क्रुसाची खूण केली. मंग खाली वाकून विचारतो, "लागलं का हो जास्त?"

फादर बरेच दिवस लंगडत होते. पुढच्या रविवारी वेदीपाशी उभे राहून म्हणाले, "घंटा झाली की हातातलं सगळं सोडायचं. कपाट सोडून."

*

पुढचा किस्सा पापनिवेदनाचा, म्हंजे फादरच्या कानात आपली पापं सांगायची असतात त्याचा. आता हा मला फादरनी सांगितला असं समजू नका. तिथलं बोलणं फादरच्या तोंडून बाहेर येत न्हाई, मेले तरी न्हाई. हा खुद्द यमुनाबाईनं माझ्या गिरणीत सांगितला, बाजरी दळता दळता, सगळ्यांसमोर.

ती गुडघ्यावर बसली. स्वतःचं दोन मिनिटांत उरकलं. मंग म्हणली, "फादर, आता शेजारणीचं घ्या."

"यमुनाबाई, प्रत्येकानं फक्त स्वतःचं सांगायचं असतं."

"ती कधी येणार हाय का पण? उगं राहून जाईल बिचारीचं! मला सगळं म्हाईत हाय, जल्दी जल्दी सांगते."

फादरनी कपाळाला हात लावला असंल, मला दिसलं न्हाई पण खात्री हाय. त्यांनी तिला प्रायश्चित्त दिलं. माळ न्हाई, उपास न्हाई. क्रुसापुढं एक तास बिलकुल गप्प बसायचं.

यमुनाबाई तिथंच कडाडली.

"एक तास? फादर, एवढं मोठं पाप मी केलंच न्हाई!"

*

ईस्टरच्या आधीचा उपासकाळ लागला. फादरनी ठरवलं, गुड फ्रायडेच्या आधीच्या शुक्रवारी सगळ्यांनी चर्चमध्ये एकत्र बसून दिवसभर मौन पाळायचं. एकही शब्द न्हाई. लोक हो म्हणले. आमच्याकडं हो म्हणायला कुणाचं काय जातंय!

सकाळी सगळे आले, बसले. खरंच कुणी बोलेना. मी गिरणी बंद ठेवली होती. फादरचा चेहरा असा खुलला की काय सांगू. वेदीसमोर डोळे मिटून बसले. इतक्या महिन्यांनी माणसाला जे पायजे ते मिळालं, असं वाटून मलाच भरून आलं.

तेवढ्यात माझ्या खिशात मोबाइल थरथरला. मंग शेजारच्याच्या. मंग सगळ्यांच्याच. यमुनाबाईनं रातोरात ग्रुप काढला होता. नाव काय, तर "मौन"! त्यावर गुड मॉर्निंग झालं, चहा कधी हाय झालं, कुणाच्या सुनेला दिवस गेले ते झालं, तिचं अभिनंदन झालं. सगळे माना खाली घालून बोटं चालवून राह्यले होते. लांबून बघणाऱ्याला वाटावं, काय ही भक्ती!

अन् तिनं फादरला पण ग्रुपात घेतलं होतं. त्यांचा मोबाइल वेदीमागच्या खोलीत, आवाज फुल्ल. फादरना ते टिंगटिंग बंद करायचं होतं. लगबगीनं गेले, चष्मा बाहेरच राह्यला होता, नको तिथं बोट पडलं. अन् यमुनाबाईनं रात्रीच ग्रुपवर रेकॉर्ड करून टाकलेला आवाज सगळ्या चर्चमध्ये घुमला.

"कुणी बोलू नका रे! मौन हाय!"

*

मौनाचं सोडा, माझी गिरणी फादरला जास्त छळत होती. संध्याकाळच्या प्रार्थनेच्या टायमालाच आमच्याकडं गर्दी. एक दिवस ते कंपाउंडवरून डोकावून म्हणाले, "सायमनराव, एक विनंती होती. सहा ते सात गिरणी बंद ठेवता येईल का?"

मी मनात लई चिडलो. धंद्याचा टाइम तो! पण एवढ्या गरीब आवाजात मागितलं की माझ्या तोंडून न्हाई निघेना. गिऱ्हाइकांच्या शिव्या खाल्ल्या अन् बंद ठेवली.

आठवडा झाला असंल. सात वाजायला बराच टाइम होता, अन् फादर प्रार्थनेचं पुस्तक हातात घेऊन गिरणीच्या दारात!

"काय झालं? सगळं ठीक आहे ना?"

"ठीकच हाय की. तुम्हीच बंद ठेवा म्हणलं ना?"

"हो, हो. म्हणालो होतो." इकडं बघितलं, तिकडं बघितलं. "आवाज आला नाही, म्हणून बघायला आलो."

तिथंच पोत्यावर बसले. मी काय समजायचं ते समजलो अन् पट्टा चढवला. गिरणी धडधडायला लागली, अन् फादरनी पुस्तक उघडलं. त्यानंतर रोजच येऊन बसायचे. पांढरा झगा होता म्हणून बरं, पीठ दिसायचं न्हाई.

*

अन् वर्ष सरलं. ईस्टर झाला, अन् मठाच्या मोठ्या स्वामींचा फोन आला. रविवारी येतो म्हणाले. पटलं, तर त्याच गाडीत फादरला घेऊन जाणार.

फादरनी आम्हाला बोलावलं. हात जोडून उभे राह्यले.

"एकच मागतो," म्हणाले. "ते येतील तेव्हापासून त्यांची गाडी फाट्यावरून वळेपर्यंत गप्प राहा. त्यांना दिसू दे, की मी इथं काहीतरी केलं. एवढं माझ्यासाठी करा."

संध्याकाळी गिरणीत सगळे जमले. सगळ्यांची तोंडं उतरलेली. खरं सांगतो, त्या माणसाचा आम्हाला लळा लागला होता. कुणाच्या मयताला, कुणाच्या बारशाला, पावसातून लंगडत यायचे.

किसन म्हणला, "सोप्पं हाय! लई बोंबलू. म्हंजे फादर नापास!"

यमुनाबाईनं त्याच्याकडं असं बघितलं की तो पोत्यामागं सरकला.

"माणसानं जन्मात एक गोष्ट मागितली, ती आपण मोडायची? काय शोभतं का? गप्प बसायचं. सगळ्यांनी!" मंग पदरानं डोळे पुसले अन् म्हणली, "पयल्यांदा मी बसते."

रविवारी स्वामी आले. पिकली दाढी, साधी चप्पल, डोळे मोठे गमतीदार. गावात चिटपाखरू बोलेना! मिस्सा झाली, मंग पंगत बसली. मठात जेवताना कुणी बोलत न्हाई, एकजण पुस्तक वाचतो. आमच्यात वाचायचं काम माझ्याकडं.

आता आमच्या पंगतीची रीत तुम्हाला म्हाईतच हाय. पाहुण्यानं हात आडवा केला, तर तो लाजून राह्यलाय असं समजायचं. पुन्हा केला, तरी तसंच. तोंडानं "बास, आता खरंच बास" म्हणंल तेव्हा वाढणारा थांबतो. अन् त्या दिवशी बोलायची बंदी! किसन शिरा घेऊन निघाला. स्वामींनी हात आडवा केला. किसननं वाढला. पुन्हा आडवा केला. पुन्हा वाढला. मंग स्वामींनी दोन्ही हातांनी ताट झाकलं, तर किसननं हसून हातावरच वाढला!

माझ्या हातातलं पान नेमकं संन्याशानं बेतानं खावं ह्याच्यावर होतं. मी वाचत होतो, स्वामी माझ्याकडं बघून राह्यले होते, अन् फादर जमिनीत जागा शोधत होते.

जेवणं झाली. स्वामी अन् फादर आंब्याखाली बराच वेळ बसले. आले तेव्हा स्वामींनी मान हलवली. पटलं होतं! यमुनाबाईनं फादरची बॅग आणली, स्वतःच्या हातानं डिकीत ठेवली. सगळं गाव गाडीभोवती. बायांचे पदर तोंडाला. पण सगळ्यांनी शब्द दिला होता.

गाडीचं दार उघडून स्वामी आमच्याकडं वळले.

"आप लोग बोलो. इनको ले जाऊं?"

कुणी बोललं न्हाई.

स्वामी थांबले. एकेकाच्या तोंडाकडं बघत राह्यले. किसननं ओठ दाताखाली धरला होता. यमुनाबाईच्या गालावरून पाणी चाललं होतं, पण तोंड घट्ट मिटलेलं. माझ्या गिरणीचा पट्टा पण उतरवून ठेवलेला. आमचं गाव इतकं गप्प मी कधी ऐकलं न्हवतं.

फादर एकदा ह्याच्याकडं बघत होते, एकदा तिच्याकडं. चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. अन् एकदम असे ओरडले की आंब्यावरचे कावळे उडाले.

"अरे बोला की कुणीतरी! वर्षभर कान खाल्ले माझे, अन् आजच काय झालं तुमच्या तोंडाला?"

स्वामी पोट धरून हसले. ड्रायव्हरला म्हणाले, "डिकी खोलो. सामान नीचे उतारो."

फादर अजून बोलतच होते. यमुनाबाई पुढं झाली, ओठांवर बोट ठेवलं, गाडी फाट्याकडं वळायची बाकी हाय असं हातानं दाखवलं, अन् फादरची बॅग डोक्यावर घेऊन चालायला लागली.