सत्तर अक्षरांत न मावणारा नमस्कार

मला पहिलं काम दिलं ते लातूरच्या आमच्या घरमालकिणीच्या भावानं, हे आधीच सांगून टाकते. नाहीतर पुढं मी त्यांची जी टिंगल करणार आहे ती वाचून लोक मला कृतघ्न म्हणतील. यंत्रांशी माणसांपेक्षा जास्त अदबीनं वागणारा असा गृहस्थ मी अख्ख्या मराठवाड्यात दुसरा पाहिला नाही. गल्ली त्यांना तारमास्तर म्हणायची, कारण जन्मभर त्यांनी तार ऑफिसात लोकांच्या तारांतले जादा शब्द खोडले होते. मी मात्र घरमालकिणीच्या पोरांचं ऐकून त्यांना मामा म्हणू लागले.

मी माहूरच्या डोंगराखालची. शाळा आठवीतच सुटली. धाकट्या भावाला बारावीसाठी लातूरच्या क्लासला घातलं, तेव्हा त्याला भाकरी करून घालायला घरच्यांनी मला सोबत धाडलं. त्या काळी लातुरात दर खोलीत एक भावी डॉक्टर आणि त्याच्या स्टोव्हशी एक आई, आजी नाहीतर बहीण असायची. भाऊ क्लासला गेला की परक्या गावात दिवस खायला उठायचा. वरच्या खोलीत मामांना टायपिंगला माणूस हवं होतं. "शिक्षण?" त्यांनी विचारलं. "दहावी पास," मी ठोकून दिलं. त्यांनी सर्टिफिकेट मागितलं, तर पाणी आणते म्हणून जी खाली उतरले ती दोन तास वर गेलेच नाही. तरी काम मिळालं. खोटं उघडं पडेल त्या दिवशी ते जाईल, या धाकात मी रोज तो जिना चढायची.

वर टेबलावर साबणाच्या डबीएवढे आठ मोडेम मांडलेले. प्रत्येकाच्या पोटात एक सिमकार्ड, डोक्यावर शेंडीसारखी अँटेना. कॉम्प्युटरनं मजकूर द्यायचा आणि यांनी तो क्लासच्या पोरांच्या आईबापांच्या मोबाइलवर पोचवायचा, एवढंच काम. पण मामांनी त्याचा संसार करून ठेवला होता. खिडकीतल्या, टॉवरकडे तोंड केलेल्या मोडेमला 'जावई' म्हणायचे, कारण जागा जरा बदलली की तो रुसून बसे. रोज सकाळी प्रत्येकाला 'ए टी' ही दोन अक्षरं टाइप करून पाठवायची आणि त्याचं 'ओके' यायची वाट बघायची. आठही जण 'ओके' म्हणेपर्यंत मामा चहाला शिवत नसत. "माणसाला हाक मारली की म्हणतो, काय काम हाय? हे बिचारं आधी हो म्हणतंय," असं म्हणून ते माझ्याकडं बघायचे, जणू मी कधी हो म्हणतच नव्हते. पाठवलेला प्रत्येक निरोप पोचल्याची पोच परत आल्याशिवाय ते जेवत नसत. कुणा बापाचा मोबाइल दिवसभर बंद असला, तर इकडं मामांना उपास घडे.

पण खरा कहर होता त्यांच्या नमस्काराचा. इंग्रजीत एका निरोपात एकशे साठ अक्षरं मावतात, मराठीत फक्त सत्तर, आणि त्यात काना, मात्रा, वेलांटी सगळं मोजलं जातं. जास्त झालं की निरोपाचे तुकडे पडतात, आणि आमच्याकडं ते सुटे सुटे जायचे. क्लासचे सर म्हणायचे, "नाव अन् गैरहजर, संपलं." (पोरगा गैरहजर असला तर बापाला कळवायची सोय होती, सर स्वतः आठवडाभर गैरहजर असले तर कुणाला कळवायचं, याची मात्र नव्हती.) मामा ऐकत नसत. मी तीनदा म्हटलं, "मामा, नमस्कार काढा, सत्तरात बसवू." तर म्हणाले, "नमस्कार न करता बोलायला आपण काय उंदीर मारायचं औषध विकायलो का?"

मग एके दिवशी देगलूरकडच्या एका बापाच्या मोबाइलवर आमच्या निरोपाचा पहिला तुकडा पोचला: 'आदरणीय पालक, सप्रेम नमस्कार. कळविण्यास अत्यंत खेद होतो की आपले चिरंजीव'. बरोब्बर सत्तर अक्षरं. दुसरा तुकडा जावईबापूंनी अडवून धरला. बाप चार भाऊबंद जीपमध्ये घालून, घरी बायकांना रडत ठेवून, लातुरात थडकला. "माझं लेकरू दाखवा आधी!" एवढंच तो म्हणत होता. लेकरू क्लाससमोरच्या टपरीवर भजी खात होतं. बापानं त्याला आधी छातीशी धरलं, मग दोन ठेवून दिल्या, मग उरलेली भजी स्वतःच खाल्ली. तेवढ्यात त्याचा मोबाइल वाजला: 'आज रसायनशास्त्राच्या तासाला अनुपस्थित होते.'

सर तडक आमच्या जिन्यावर. "हे टाइप कोण करतं? किती शिकलीय ही?"

खोटं पुन्हा एकदा बोलायचं होतं, पण जीभच वळेना. "आठवी," मी म्हणाले.

"ऐका! आठवी! आत्ताच्या आत्ता काढा हिला, नाहीतर क्लासचं काम दुसरीकडं देतो."

मामांनी चष्मा पुसला. "मजकूर माझा हाय, सर. ती तीनदा म्हणली, नमस्कार काढा म्हणून. मीच न्हाई ऐकलं. अन् आठवीचं म्हणाल तर मला पहिल्याच दिवशी कळलंय. पाणी आणायला दोन तास कोण लावतं?"

क्लासचं काम गेलं. मी राहिले.

त्या दिवशी घरमालकीणबाईंनी तांदूळ निवडता निवडता मला सांगितलं. त्यांची सगळ्यात धाकटी बहीण औशाकडं एका खेड्यात दिलेली. भूकंपाच्या साली ती गणपतीला माहेरी येणार होती. मामांनी तार केली, 'येऊ नको. रंगकाम चालू.' चारच शब्द. तार ऑफिसातला माणूस, जास्त कशाला लिहील? ती आली नाही. विसर्जनाची रात्र सरता सरता जमीन हलली. "तवापासून असा झालाय बघ," त्या म्हणाल्या. "म्हणतो, पोरीला साधा नमस्कारबी न्हाई केला."

मी वर जाऊन आठही मोडेमना 'ए टी' केलं. आठही जण ओके म्हणाले.

नंतर मामांनी अर्धापूरच्या केळीवाल्यांच्या विहिरींवरच्या मोटारींना मोडेम बसवले. लाईट आली की मोटार आपणहून मालकाला निरोप धाडायची, आणि अर्थातच, आधी सप्रेम नमस्कार करायची. एक केळीवाला फोनवर म्हणाला, "मामा, तुमचा नमस्कार वाचस्तोवर लाईट जाऊन राहिली ना!" मामांनी अखेर हार मानली, नमस्कार निरोपाच्या शेवटी घेतला. काढला नाही.

भावाची बारावी झाली, तो पुढं गेला. मी आता हैदराबादेत अशाच पाण्याच्या मोटारींचे मोडेम तपासायचं काम करते. नवीन साहेब आला की अजून छातीत धडधडतं, शिक्षण विचारील म्हणून. लातूर सोडताना मामांनी घरी बसून दहावीला बसायचा सतरा नंबरचा फॉर्म हातात ठेवला होता. "सर्टिफिकेट बाकी हाय तुझं," म्हणाले. तो जुना झाला, घड्या फाटल्या. यंदा मी नवा भरलाय. पास झाले की पहिला निरोप मामांना. त्यात सप्रेम नमस्कार पूर्ण लिहीन, मग त्याचे कितीही तुकडे पडोत. आणि शेवटच्या तुकड्याची पोच येईपर्यंत मी पण जेवणार नाही.